मायाक्का पाण्याला निघाली

आबासाहेबांच्या नाकात पाणी गेलं. तसं ते कुणाच्याही नाकात जातं. पण आबासाहेब कित्येक वर्षं रोज सकाळी गौरतळ्याच्या पाण्यावर पडत आले होते आणि त्यांच्या नाकाला पाणी कधी शिवलं नव्हतं. ते पोहत नसत. पोहणं म्हणजे उगाच हातपाय झाडणं, असं त्यांचं मत होतं. ते पाठीवर आडवे व्हायचे, दोन्ही हात डोक्याखाली घ्यायचे, पायावर पाय टाकायचे आणि डोळे मिटायचे. त्या दिवशीही ते तसेच पडले होते. एकाएकी पाण्याला काय झालं कोण जाणे, त्याने आबासाहेबांना उचललं, पालथं केलं आणि एक लाट नाकातून घशात घातली. खोकत, थुंकत त्यांनी वर पाहिलं, तर तळ्याच्या मधोमध एक पांढरी नाव फटफट करत धावत होती. नावेच्या मागे दोरी होती, दोरीला फळी होती आणि फळीवर अर्धी चड्डी घातलेला एक तरुण दोरी धरून उभा होता. आबासाहेबांना पाहून त्याने अदबीने नमस्कार करण्यासाठी हात सोडले आणि तो पाण्यात पडला.

"डोळं का लाल?" घरी आल्यावर मथुराबाईंनी विचारलं.

"तळ्यात मोटार आलीय."

"पडली?"

"पडली न्हाय. चालतीय."

मथुराबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली आणि नवऱ्याकडे नीट पाहिलं. "पाण्यावर कुटं मोटार चालत असती का? पाणी प्यालाय तुमी. आधी बसा बघू खाली."

सोलापूर तेव्हा गिरणीच्या भोंग्यावर उठायचं आणि भोंग्यावर जेवायचं. बोलपट नुकते आले होते आणि ते बघून आलेली माणसं आठवडाभर मोठ्याने बोलायची. पण शहर मागे टाकून कुंभारीच्या वाटेला लागलं, की थोड्याच वेळात डाव्या हाताला गौरतळं दिसायचं आणि तिथे भोंगासुद्धा दमून पोचायचा. काठावर पाचपंचवीस घरं, पलीकडे धनगरांची वस्ती, बांधावर लिंबाची झाडं. सकाळी बायका धुणं आपटायच्या तो आवाज समोरच्या काठाला जाऊन परत यायचा. बगळा उडाला तर माणसं मान वर करून बघायची, कारण बघण्यासारखं तेवढंच असायचं. आता तसं पाणी नाही आणि तसा वेळही कुणाकडे नाही. असो.

आबासाहेबांनी पेन्शन घेतल्यावर शहरातलं घर सोडून इथे बिऱ्हाड केलं ते या पाण्यासाठीच. सारा जन्म कचेरीत गेला. लोकांची भांडणं ऐकून कान किटले होते. लहानपणी नातेपुत्याला वडिलांनी त्यांना विहिरीत पाण्यावर पडायला शिकवलं होतं, पाठीखाली आपला हात धरून. हात कधी काढून घेतला ते पोराला कळलंच नाही. म्हाताऱ्या आबासाहेबांना पाण्यावर पडलं, की तो हात अजून पाठीखाली आहे असं वाटायचं. हे त्यांनी मथुराबाईंनाही सांगितलं नव्हतं. आता मात्र त्या फटफटीने पाणी असं काही हलवून सोडलं होतं, की पाठीखाली कुणाचा हात टिकणं शक्य नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा पडून बघायला गेले आणि पुन्हा पाणी पिऊन आले. तिसऱ्या दिवशी गेलेच नाहीत. ओसरीवर नुसते बसून राहिले, आणि मथुराबाईंना ते बघवेना.

नाव अण्णारावाची होती आणि फळीवरून पडला तो अण्णारावच. अण्णारावाचे आजोबा डोक्यावर घोंगड्यांचा गठ्ठा घेऊन गावोगाव फिरत. वडिलांनी मोठ्या लढाईत पलटणीला कांबळी पुरवली आणि शहरात दुमजली घर बांधलं. अण्णाराव मुंबईला जाऊन आला आणि येताना ही नाव घेऊन आला. त्याचं म्हणणं एवढंच होतं, की सोलापूरकरांनी समुद्र बघितलेला नाही, निदान त्याची मजा तरी बघावी. नाव चालवायला त्याने आपला मोटारीचा ड्रायव्हर गुंडा याला बसवलं होतं. गुंडाला पाण्याची भीती वाटे, म्हणून काठ लवकर यावा या हिशेबाने तो नाव जास्तच जोरात हाकायचा.

दिवाळी झाली होती. धनगर लोकर कातरायच्या आधी मेंढरं तळ्यात धुऊन घेतात. बिरप्पा धनगराने आपली मेंढरं काठाला आणली, पहिलं मेंढरू कंबरभर पाण्यात घातलं आणि नेमकी तेव्हाच फटफट आली. मेंढरू उलटं वळलं. मेंढरांचं असं असतं, की पुढचं जाईल तिथे बाकीची जातात, विचारपूस करत नाहीत. ती सगळी बांध चढून आबासाहेबांच्या अंगणात शिरली आणि मथुराबाईंनी वाळत घातलेल्या सांडग्यांवरून पुढे परसात गेली. काही जणांनी वाटेत सांडग्यांची चवही घेतली.

"आता काय करायचं, सायेब?" मेंढरं गोळा करता करता बिरप्पा म्हणाला. "पाण्याकडं तोंडच करंनात. मळकी लोकर कोण घील? तुमी कायतरी बोला त्या अण्णारावाला. आमी तुमच्या मागं हाय की."

संध्याकाळी लिंबाखाली सगळी वस्ती जमली. धुणाऱ्या बायकांची तक्रार होती, की धुतलेलं लुगडं तेलकट होऊन परत येतं. कुणी म्हणालं, विहिरीचे झरे आटतील. कुणी म्हणालं, मासे बहिरे होतील. सगळ्यांनी मिळून आबासाहेबांना पुढारी केलं आणि त्यांना फेटा बांधला. आबासाहेबांचा स्वभाव तसा कडक. पण त्यात एक भोक होतं. कुणी मान दिला, की त्यांना नाही म्हणता येत नसे. कुठल्याही लग्नात कुणी पाटावर बसवलं, की नवरी कुणाची हे न विचारता ते अक्षता टाकायचे.

दुसऱ्या दिवशी फेटा बांधून ते बिरप्पाला घेऊन अण्णारावाच्या घरी गेले. वाटेत त्यांनी बोलायचं सगळं पाठ केलं. अण्णाराव जिना उतरून सामोरा आला, वाकून पाया पडला, गादीवर बसवलं. चहा आला. विडे आले. अत्तराचं बोट आबासाहेबांच्या मनगटाला लागलं.

"आम्ही तुमच्या नावेविषयी बोलायला आलोय," आबासाहेब कसेबसे म्हणाले.

"मी त्याचसाठी तुमच्याकडं येणार होतो," अण्णाराव म्हणाला. "नाव अशीच पाण्यात घातली, पूजा न्हाय, नारळ न्हाय. चुकलंच ते. शुक्रवारी रीतीनं घालायची म्हणतोय. तळ्यावर वयानं मोठे तुमीच. नारळ तुमच्या हातनं फोडायचा. मान तुमचा हाय."

आबासाहेबांनी बिरप्पाकडे पाहिलं. बिरप्पा दुसरा विडा उचलत होता.

"मग काय म्हणाला अण्णाराव?" घरी येताच मथुराबाईंनी विचारलं.

"शुक्रवारी नारळ फोडायचाय."

"कशाचा?"

"नावेचा."

"कुणी?"

आबासाहेब फेटा सोडायला लागले. तो जरा जास्तच वेळ सुटत राहिला. "कचेरीत एवढी वर्षं काढली," मथुराबाई म्हणाल्या, "तितं एखाद्या आरोपीनं विडा दिला असता, तर तुमी त्याच्याऐवजी आत जाऊन बसला असता."

इकडे अण्णारावाने विचार केला, की म्हातारा तर गार झाला, राहिले धनगर. त्यांची समजूत कशी काढायची? मायाक्का ही धनगरांची देवी, आणि अण्णारावाच्याही घरची. नावेला तिचंच नाव दिलं तर कोण तोंड उघडेल? त्याला आपल्या हुशारीचं फार कौतुक वाटलं. त्याने पेंटर बोलावला. पेंटरने नावेच्या दोन्ही अंगांना तांबड्या अक्षरांत 'मायाक्का' लिहिलं आणि थोडा रंग उरला होता म्हणून पुढच्या टोकावर दोन मोठे डोळे काढले.

शुक्रवारी सगळी वस्ती काठावर जमली. बिरप्पाची आई निंगव्वा काठी टेकत आली आणि सगळ्यांच्या पुढे जाऊन उभी राहिली. निंगव्वा बोलायची कमी. तिच्या कमरेला भंडाऱ्याची पिशवी असायची आणि वस्तीवर कुणाच्या घरी काय करायचं, काय नाही, हे ती ठरवायची. तिने नावेकडे पाहिलं.

"अण्ण्या, काय नाव ठिवलंस म्हणालास?"

"मायाक्का, आज्जी. आपल्या घरचीच की."

"आन् डोळं कुणी काढलं?"

"पेंटरनं. शोभेला."

निंगव्वा त्या डोळ्यांकडे बराच वेळ बघत राहिली. मग तिने हात जोडले, पिशवीत हात घातला आणि मूठभर भंडारा नावेवर उधळला. ते बघून बिरप्पाने उधळला. बिरप्पाने उधळला म्हणून सगळ्यांनी उधळला. पांढरी नाव बघता बघता पिवळी झाली. मागच्या बाजूला मोटार होती, ती पिवळी झाली, तिच्या आत जिथे जिथे फट होती तिथेही पिवळं गेलं. आबासाहेबांनी दगडावर नारळ फोडला. अण्णाराव खूष होऊन नावेत पाय ठेवायला गेला.

"पायताण काढ," निंगव्वा म्हणाली.

अण्णारावाने पाय मागे घेतला आणि मुंबईचे बूट काढून ठेवले. मागोमाग गुंडा चढायला लागला.

"आंगूळ केलीस?"

"केली की, आज्जी."

"काल जेवलास काय?"

"पाव्हण्याकडं जावळ हुतं," गुंडा पुटपुटला. जावळ म्हणजे बकरं, हे तिथे कुणाला सांगायला नको होतं. निंगव्वाने नुसती काठी आडवी धरली. गुंडाला मनातून बरंच वाटलं. तो लगेच मागे जाऊन लोकांत उभा राहिला.

"बरं, मीच चालवतो," अण्णाराव म्हणाला. "फळीवर बिरप्पाला उभं करू. मजा येती."

"फळी कशाची?"

अण्णारावाने दोरी आणि फळी दाखवली, नाव पुढे पळते आणि माणूस मागून ओढला जातो हे समजावून सांगितलं. निंगव्वाने सगळं ऐकून घेतलं. "म्हंजी तू ऐटीत हुबा ऱ्हाणार," ती म्हणाली, "आन् देवीनं तुला वढायचं व्हय?"

लोकांत कुजबूज झाली. अण्णारावाने घाईने फळी सोडून टाकली आणि बोलणं वाढायच्या आत मोटारीची दोरी खेचली. भंडारा खाल्लेली मोटार एकदा खोकली. पुन्हा खेचली, तशी ती गुरगुरली आणि सगळ्या नावेला कापरं भरलं. पुढचे डोळे थरथरायला लागले.

"घुमतीय," कुणीतरी म्हणालं.

झालं. बायका खाली बसल्या, पुरुषांनी डोक्यावरची मुंडाशी काढली. नावेत उभा असलेला अण्णाराव एकटाच राहिला, हळदीने माखलेला आणि अनवाणी. निंगव्वा पुढे झाली. "आई, लेकराचं कायतरी चुकलं काय?"

मोटार म्हणाली, फट्.

"लई चुकलं?"

फट्. फट्.

"पदरात घे. न्हाय करायचा पुन्यांदा."

मोटार बंद पडली. अण्णारावाने दोरीला हातही लावला नव्हता. कचेरीत मुरलेले आबासाहेब, पण त्यांच्याही अंगावर काटा आला, हे त्यांनी नंतर कबूल केलं नाही, तरी मथुराबाईंनी पाहिलं होतं.

त्यानंतर अण्णारावाची नाव चालली, पण जपून चालली. मंगळवारी नाही, कारण तो देवीचा वार. शुक्रवारी नाही, कारण तोही. अमावास्येला नाही. मोटारीत रॉकेलसारखा वास येणारं काही घालायचं असेल, तर आधी वाटीभर दूध समोर ठेवायचं. चामड्याचा पट्टा घातलेल्या पाहुण्यांना बसता येत नव्हतं. कुंभारीहून, आणखी कुठून कुठून बायका ओटी भरायला यायला लागल्या. अण्णाराव काठावर पोचेपर्यंत नावेत खण, नारळ, बांगड्या भरलेल्या असत आणि माणसाला बसायला जागा नसे. शेवटी त्याच्या आईने, राजाबाईने, घरात विषय काढला. "देवी उघड्यावर पाण्यात भिजतीया आन् तू माझ्याकडं दुसरी भाकरी मागतोस?" असं म्हणून तिने स्वतःही ताट सरकवलं. दोन जेवणं झाली, अण्णाराव हरला. धनगरांनी नाव उचलून लिंबाखाली आणली, वर छप्पर घातलं आणि मोटारीला तांबडं फडकं गुंडाळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबासाहेब तळ्यावर गेले. पाणी काचेसारखं पडलं होतं. ते पाठीवर आडवे झाले, डोळे मिटले आणि थोड्या वेळाने त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पण आधीच पाण्यात असल्यामुळे ते कुणाला दिसलं नाही. पलीकडे बिरप्पा मेंढरं धूत होता. बायकांच्या धुण्याचा आवाज समोरच्या काठावरून परत येत होता. सगळं जसं होतं तसं झालं होतं.

बाहेर येऊन अंग पुसताना त्यांना लिंबाखाली अण्णाराव बसलेला दिसला. तो नावेकडे बघत होता. आबासाहेब त्याच्याजवळ जाऊन बसले.

"रागावलास का रे?"

"न्हाय, आबासाहेब. कुणावर रागवायचं? नाव मीच ठिवलं." अण्णाराव म्हणाला. "लहानपणी, लढाईच्या आदी, बापानं मुंबईला नेलं होतं. गठ्ठा विकून झाला आणि आमी दर्यावर गेलो. एक साहेब अशीच नाव पळवत होता. बाप म्हणाला, पोरा, आपून जन्मभर मेंढरामागनं चालतोय. असं पळायला मिळालं पायजे एकदा. त्याला न्हाय मिळालं."

आबासाहेबांना ह्या पोराचं फार वाईट वाटलं. आपण जिंकलो याचा सकाळपासून झालेला आनंद एकदम कडवट झाला. त्याच संध्याकाळी त्यांनी निंगव्वाला गाठलं. ती लिंबाखाली झाडत होती.

"निंगव्वा, मला तेवढं खरं सांग. ही खरंच देवी का? का तुला ती फटफट नको होती?"

निंगव्वाने झाडणं थांबवलं नाही. "खरं-खोटं तुमच्या कचेरीत, सायेब. हितं नाव ठिवलं की ठिवलं."

वर्ष गेलं. तळं पुन्हा भरलं, दिवाळी झाली, आणि एका सकाळी निंगव्वाने वस्तीवर सांगितलं, की देवीला पाण्याला न्यायचा दिवस आला. सगळ्या गावांतले देव वर्षातून एकदा वाजतगाजत पाण्याला जातात, मायाक्का कशी राहील? बिरप्पा म्हणाला, आमी खांद्यावर उचलून पाण्यात ठिवतो आन् काढतो. निंगव्वाने मान हलवली.

"देवीला काय पांगळी समजलास काय? तिची ती जाती की. चालू करा."

अण्णारावाचा विश्वास बसेना. त्याने गुंडाला बोलावून घेतलं. गुंडा दोन दिवस नुसत्या भाजीभाकरीवर राहिला होता. दोघांनी मिळून मोटारीतला भंडारा खरवडून काढला, तेल घातलं, दोरी खेचली आणि मोटार अशी काही कडाडली, की पलीकडच्या बांधावरची मेंढरं यंदाही पळाली. बिरप्पाने हात जोडले. देवीचा आवाज होता.

"म्होरं कुणीतरी वडीलधारं बसाया पायजे," निंगव्वा म्हणाली. "आबासायेब, मान तुमचा हाय."

आबासाहेबांनी मागे पाहिलं. मागे सगळी वस्ती हात जोडून उभी होती. मथुराबाईंनी तोंडाला पदर लावला होता. ज्या फटफटीविरुद्ध फेटा बांधला होता, तिच्यातच आबासाहेब पायताण काढून, धोतराचा सोगा कमरेला खोचून चढले आणि डोळ्यांच्या बरोबर वर, पुढच्या फळीवर बसले. दोन्ही हातांनी त्यांनी नावेच्या कडा घट्ट धरल्या.

"हळू घे रे," ते म्हणाले.

पण अण्णारावाने वर्षभर वाट बघितली होती. नाव सुटली. वारा आबासाहेबांच्या तोंडावर आदळला, मिशा मागे गेल्या, फेट्याचा शेमला उभा राहिला. पाणी दोन्ही बाजूंनी फाटत होतं. ज्या पाण्यावर ते इतकी वर्षं नुसते पडत आले होते ते आता त्यांच्या खालून पळत होतं, आणि काठ, लिंब, वस्ती, काठावरची माणसं सगळं फिरत होतं. एक वेढा झाला. प्रथेप्रमाणे देवाचे पाच वेढे असतात. पण नावेला त्यानंतर आणखी किती झाले ते कुणी मोजलं नाही. अण्णारावाने एकदा नाव काठाकडे वळवली, तर पुढून आबासाहेबांनी हात मागे करून, अजून चालू दे, अशी खूण केली.

नाव काठाला लागली. बिरप्पाने हात देऊन आबासाहेबांना उतरवलं. ते नखशिखांत भिजले होते, फेटा एका कानावर आला होता. लोक पाया पडायला पुढे आले, त्यांना त्यांनी आशीर्वाद दिले. अण्णाराव नावेतच बसून होता. मोटारीवर पुन्हा फडकं गुंडाळायचं त्याच्या जिवावर आलं होतं. आबासाहेबांनी इकडे तिकडे पाहिलं, मथुराबाई ऐकण्याइतक्या जवळ नाहीत याची खात्री करून घेतली आणि निंगव्वाला जरा बाजूला घेतलं.

"निंगव्वा," ते हळूच म्हणाले, "वर्सातनं एकदाच म्हणजे देवीला जरा कमीच होतंय, न्हाय का? दर पुनवेला नेलं तर काय म्हणंल, एकदा विचारून तरी बघ की तिला."